सुमरती हजर आहे

"अकरा पोट्टे, सुनंदा. अकरा पोट्टे तू हवेत हजर करून ठेवले. वर्गात पाह्यलं त चिमण्या, आन् रजिस्टरमंधी पाह्यलं त पूर्ण वरात बसेल हाये."

आपा, तुम्ही ओरडत होता आणि गावच्या फाट्यावर काळीपिवळी जीप नुसती धूर सोडत उभी होती. जीपमध्ये सत्तावीस माणसं होती. खोटं वाटेल, पण ड्रायव्हरचा एक पाय आणि अर्धं अंग बाहेरच लोंबत होतं, तेव्हा साडेसव्वीस म्हणा. टपावर दोन बकऱ्या होत्या, त्या ओरडायच्या थांबल्या. पानठेल्यावरचा माणूस चुना लावता लावता थांबला. तुमचा आवाजच असा की, चिखलदऱ्याला निघालेल्या ढगांनी वाट बदलून अकोट गाठावं. अडीच महिने तुम्ही आजारी रजेवर होता. चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला, रुजू झाल्याचा तो पहिलाच दिवस, आणि हजेरीचं रजिस्टर ओढणीखाली लपवून तुम्ही घरी घेऊन निघाला होता. नियमाबाहेरची तुमच्या हातून घडलेली ती एकमेव गोष्ट असावी.

"शाळा वाचवली मी, आपा," मी म्हणाले.

"भिती वाचवल्या तू. शाळा तिकडं विटा पलटवून राहिली."

मग परतवाड्यापर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. रजिस्टर मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर, जसं काही ते लेकरूच आहे आणि जीपच्या धक्क्यानं पडेल. मी मात्र बोलत होते. शेजारच्या म्हातारीला मी मागच्या साली टपावरून पडलेल्या बकरीची गोष्ट सांगितली, ती बकरी पुढच्या स्टॉपवर आमच्या आधी येऊन उभी होती म्हणून. म्हातारी हसली. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. मातीला बायका जात नाहीत, म्हणून मी तुमच्या घरी बायकांत बसले होते. परवा तालुक्याच्या सभागृहात शोकसभा झाली. जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं, सगळं वाचून झालं. मग कोणीतरी म्हणालं, राऊत मॅडम, तुम्ही बोला, तुम्ही छान सांगता. छान सांगते ही माझी तालुकाभर पसरलेली बदनामी. मी उभी राहिले आणि तीन गोष्टी सांगितल्या. आपल्या शाळेचं टिनाचं छप्पर वादळात उडून धारणीला पडलं आणि तिथल्या लोकांनी त्याच्याखाली दुसरी शाळा भरवली. एकदा बिबट्या वर्गाच्या दारात आला, तर शमीम आपांनी त्याला उशीर कावून झाला असं विचारलं आणि तो मान खाली घालून निघून गेला. आणि तुमच्या हातची बिर्याणी खाऊन एक अधिकारी आपण तपासणीला आलोत हेच विसरले, शेऱ्याच्या रकान्यात 'मीठ बरोबर' असं लिहून गेले. लोक हसले. शोकसभेत हसू आलं की गेलेल्या माणसावर सगळ्यांचं फार प्रेम होतं असं धरतात. तीनही गोष्टी खोट्या होत्या. खरी एक होती, ती न सांगता मी पाणी पिऊन खाली बसले.

ती इथं लिहिते. तुम्हालाच सांगायची होती. तुम्ही जिवंत असताना सांगायला मला नऊ वर्षं मिळाली होती, आणि त्या नऊ वर्षांत मी तुम्हाला जगातली बाकी प्रत्येक गोष्ट सांगितली.

आपली दोन शिक्षकी शाळा. पहिली ते पाचवी, खोल्या दोन, मुख्याध्यापिका तुम्ही, बाकी सर्व मी. घरी तुमची बोली उर्दू, शाळेची मराठी, आणि समोर बसलेल्या लेकरांची कोरकू. पहिलीत आलेल्या लेकराला मराठीचा एक शब्द समजत नसायचा. मी पहिल्या वर्षी त्यांना मुकी समजत होते. तुम्ही खिचडी शिजवणाऱ्या बाईजवळ रोज अर्धा तास बसून कोरकू शिकलात आणि कोळशानं भिंतीवर शब्द लिहिले. 'डा' म्हणजे पाणी. पहिले तीन महिने पहिलीचा वर्ग त्या भिंतीवर चालायचा. मी म्हणाले, आपा, साहेब रागावतील, भिंत काळी झाली. तुम्ही म्हणालात, "साहेबाले म्हणावं, पोट्ट्याले तहान लागली हे बाईले समजलं पाह्यजे आधी. मंग कविता."

उशिरा येणाऱ्याला तुम्ही कधी रागावला नाहीत. उलट खिचडीच्या रांगेत उशिरा आलेला पहिला. मी यावरून भांडले. म्हटलं, अशानं उद्या सगळेच उशिरा येतील. तुम्ही म्हणालात, "जो उशिरा आला त्यानं घरचं पाणी भरलं, लहान भाऊ सांभाळला, बकऱ्या सोडल्या. त्याले भूक जास्त हाये, सुनंदा. हिशोब साधा हाये." आणि सगळे काही उशिरा आले नाहीत. ते मला त्या वेळी आवडलं नव्हतं.

तपासणीच्या दिवसासाठी माझी एक युक्ती होती. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांनी काही विचारलं की अख्खा वर्ग हात वर, आणि मी उजवे हात बघून नाव घ्यायची. साहेब इतके खूश व्हायचे की एकानं माझं नाव पुरस्कारासाठी धाडतो म्हणून सांगितलं होतं. तुम्ही आलात त्या वर्षी हे पाहिलं. साहेब गेल्यावर म्हणालात, "डावा हात वर केला ना ज्यानं, नाव त्याचं घेत जा. त्याच्यासाठीच नोकरी हाये आपली." तेव्हापासून आपल्या शाळेला चांगला शेरा मिळाला नाही. पण भागाकार मात्र पोट्ट्यांना येऊ लागला, हे मला कबूल करावं लागतं.

आणि ते कार्ड. दिवाळी झाली की आपल्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून अकोल्याकडच्या विटभट्ट्यांवर जायची आणि होळीला परत यायची. कोरकू माणूस कुठंही असो, होळीला गावात पाहिजे. मधल्या चार महिन्यांत पोट्टे भट्टीवर. सरकारचं एक कार्ड असतं, गाव सोडणाऱ्या लेकराला द्यायचं, म्हणजे जिथं जाईल तिथली शाळा त्याला बसवून घेते. बाकीच्या शाळांत ते कार्ड म्हणजे नाव, वर्ग, शिक्का. तुम्ही त्याच्या मागं एक कागद टाचायच्या. दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघरी जाऊन, ओट्यावर बसून, एकेका लेकराचा कागद लिहायच्या. याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पुढं बसवा. हिला पाढे येतात पण घाबरली की विसरते, पुन्हा विचारा. न ओळखणाऱ्या मास्तराला लिहिलेलं ते पत्र असायचं, आणि खाली नेहमी एक ओळ: परत पाठवताना काय शिकवलं ते मागच्या बाजूला लिहा. होळीनंतर पोट्टे ते कागद घेऊन यायचे. चुलीच्या धुरानं पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, आणि मागं तिकडच्या मास्तरांचं अक्षर. तुम्ही ते वाचून तिकडं जिथं शिकवणं थांबलं तिथून पुढं सुरू करायच्या. मी तालुक्यात सांगत फिरायचे की आमच्या आपांची चिठ्ठी पाहून भट्टीवरचा मुकादम स्वतः पाढे म्हणू लागला. गोष्ट खोटी, पण त्या कागदांची ताकद खरी होती.

सुमरती पाचवीत होती. तिचा कागद मला पाठ आहे. 'सलग वाचते. मोठ्यानं वाचायला लगेच सांगू नका, लाजते. आधी मनात वाचू द्या. भागाकारात शून्य विसरते. लहान बहीण सोबत येईल, तिला वर्गात बसू द्या, नाहीतर ही पण येणार नाही. निवासी शाळेच्या परीक्षेला बसवली आहे. घरचे अकोल्याकडे असतील म्हणून केंद्र अकोलाच घेतलं आहे. कृपया रोज एक तास सराव घ्यावा व परीक्षेच्या दिवशी कोणीतरी सोबत न्यावं.' खाली परीक्षेच्या अर्जाची पावती टाचणीनं लावलेली. ती परीक्षा एकदाच देता येते. पाचवीत निघून गेली की गेली. सुमरती त्यात निघाली असती, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. असं लेकरू आपल्या हातून दहा वर्षांत एखादंच जातं.

त्या दिवाळीत तुमच्या पायाला सूज आली, अमरावतीच्या डॉक्टरांनी किडनीचं सांगितलं आणि तुम्हाला रजेवर झोपवलं. जाताना तुम्ही अकरा कार्ड माझ्या हातात दिले. तयार, शिक्के मारलेले. म्हणालात, "सुनंदा, एकेकाच्या मायच्या हातात देजो. पोट्ट्याच्या हातात नको. हरवते."

मी दिले नाहीत.

का, ते सांगते, त्यात मीठमिरची घालत नाही. त्या वर्षी तालुक्यात चर्चा होती की पट वीसच्या खाली गेला तर शाळा नदीपलीकडच्या शाळेत मिळवणार. आपला पट बावीस. अकरा कार्ड दिले की अकरा गेले, उरले अकरा. आपल्या गावची नदी तुम्हाला माहीत आहे, पावसाळ्यात तिच्यातून म्हैस पार होत नाही, पहिलीचं लेकरू कसं होईल. केंद्रप्रमुख येऊन डोकी मोजणार होते. मी कार्डाचा गठ्ठा कपाटात तक्त्यांच्या मागं सारला आणि अकराच्या अकरा हजर मांडायला लागले. डोकी मोजायच्या दिवशी खिचडीवाल्या बाईंकडून शेजारच्या पाड्यावरचे पोट्टे बोलावले. प्रमुखांना मी नदीत वाहून गेलेल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पोहत परत आलेल्या फळ्याची गोष्ट सांगितली. ते हसत हसत सही करून गेले. शाळा वाचली.

तुम्हाला मी फोनवर सांगितलं की कार्ड वाटले. एकेकाच्या मायच्या हातात दिले. एका मायनं तर ते पदराला गाठ मारून बांधलं, असंही सांगितलं. बारकावा टाकला की खोटं उभं राहतं, हे मला लहानपणापासून येतं. तुम्ही पलंगावरून म्हणालात, "अल्ला तुझं भलं करो."

रजिस्टरचं तुम्हाला कळलं, जीपमध्ये ओरडलात, ते सुरुवातीला लिहिलंच. कार्डाचं मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुम्ही कपाट उघडलं, तक्ते काढले, गठ्ठा मोजला, आणि सुमरतीचा कागद वर काढून पावतीवरची तारीख बघितली. परीक्षा होऊन बारा दिवस झाले होते. तुम्ही कागद परत गठ्ठ्यात ठेवला. मला वाटलं, आता ओरडाल. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

पण एक गोष्ट मी त्या दिवशीही सांगितली नाही.

तुमची रजा सुरू होऊन महिना झाला असेल. दुपारची वेळ होती, वर्गात अकरा पोट्टे, खरे असलेले. शाळेच्या फोनवर फोन आला. अकोल्याकडच्या एका शाळेचे हेडमास्तर बोलत होते. आवाज म्हातारा आणि भला. म्हणाले, "मॅडम, इथं एक मुलगी आली आहे. सुमरती नाव सांगते. काखेत लहान बहीण घेऊन माझ्यासमोरच उभी आहे. भट्टीवरून चालत आली. म्हणते, तुमच्या शाळेत पाचवीत आहे, आणि तिची काहीतरी परीक्षा आहे. कागद नाही तिच्याजवळ. बसवून घेऊ का?"

आपा, त्या पोरीनं कार्ड नसताना, कोणी सांगितलेलं नसताना, शाळा शोधून काढली होती. तुम्ही तिच्या घरच्या ओट्यावर बसून लिहीत असताना ती शेजारी बसून ऐकत असणार. तिला माहीत होतं की भट्टीजवळ शाळा असते आणि तिथं जायचं असतं. परीक्षेची तारीख तिला पाठ होती, पण ती अकोल्यात कुठं आहे हे तिला माहीत नव्हतं. ते कागदावर होतं, आणि कागद माझ्या कपाटात.

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक 'हो', आणि कागद टपालानं पाठवला असता तरी चाललं असतं. पण हो म्हटलं की तिचं नाव तिकडं चढणार, तिकडं चढलं की इकडं कमी होणार, आणि एक कमी झालं की बाकीच्या दहांबद्दल कोणीतरी विचारणार. केंद्रप्रमुख यायला चार दिवस होते.

मी म्हणाले, "छे हो सर. सुमरती इथंच आहे, माझ्यासमोर बसली आहे."

ते गोंधळले. म्हणाले, "मग ही कोण?"

मी म्हणाले, "असं करतात हो सर ते लोक. खिचडीसाठी कोणाचंही नाव सांगतात." हे मी म्हणाले. अकरा वर्षं ज्या लेकरांना खिचडी वाढली त्यांच्याबद्दल हे मी म्हणाले. आणि त्यावरही मन भरलं नाही, कारण माझी गोष्ट अर्धवट राहिलेली मला चालत नाही. मी फोन तसाच हातात धरून रिकाम्या बाकाकडं वळले आणि मोठ्यानं म्हटलं, "सुमरती, खाली बस. दंगा नको करू. सर फोनवर आहेत."

वर्गातल्या अकरा पोट्ट्यांनी मागं वळून त्या बाकाकडं पाहिलं. कोणी हसलं नाही.

हेडमास्तर म्हणाले, "असं होय. माफ करा, मॅडम." आणि फोन ठेवला. भला माणूस होता, माझ्यावर विश्वास ठेवला. मी त्या संध्याकाळी जीपमध्ये नेहमीपेक्षा जास्त बोलले, ड्रायव्हरनं हसून हसून गाडी साईडला घेतली.

रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तुम्ही अकोल्याला गेलात. एकट्या, सुजलेल्या पायांनी, परतवाड्याहून एस.टी.नं, नवे अकरा कागद लिहून. भट्ट्या शोधल्या, पोट्टे शोधले, दोन शाळांत त्यांना बसवून आलात. सुमरती त्या दिवशी बापासोबत दुसऱ्या भट्टीवर गेली होती असं तुम्ही मला सांगितलं. की ती भेटली होती आणि तरी तुम्ही मला असं सांगितलं, हे मी नऊ वर्षं विचारलं नाही. सोमवारी तुम्ही आलात ते आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललात. नवव्या दिवशी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणालात, "येत्या दिवाळीपासून तू लिहीजो. ओट्यावर बसून. टेबलावर नाई."

तेव्हापासून मीच लिहिते. पहिल्या वर्षी मी एका पोट्ट्याच्या कागदावर लिहिलं की याची स्मरणशक्ती एवढी की गेल्या जन्मीचे पाढे येतात. तुम्ही तो फाडला. "खरं लिही," म्हणालात. "तिकडच्या मास्तराले हसवायचं नाई, त्याले शिकवायचं हाये." दुसरा लिहिला, तोही फाडला. तिसरा ठेवून घेतला. खरं लिहायला मला चाळिशीनंतर तुम्ही शिकवलं, आणि मी ते फक्त त्या कागदांपुरतं वापरलं.

तरी आपलं भांडण मिटलं नाही. शाळा अजून आहे. यंदा पट चोवीस आहे, आणि यातले सगळे खरे आहेत, कारण दोन-तीन घरांनी भट्टी सोडली. मागच्या साली आपल्या दोन पोरी दहावी पास झाल्या. त्या जर नदीपलीकडं शाळेत जायच्या असत्या तर तिसरीतच घरी बसल्या असत्या. हे मी तुम्हाला दरवर्षी म्हणायची आणि तुम्ही दरवर्षी म्हणायच्या, "खरा पट सांगून भांडलो असतो. हारलो असतो, त पोट्ट्यांसोबत हारलो असतो." मी म्हणायची, हरून काय मिळालं असतं. तुम्ही म्हणायच्या, "सुमरती भेटली असती." तिथं भांडण थांबायचं. तिथून पुढं जे होतं ते मी सांगत नव्हते.

सुमरती त्या होळीला आली नाही, तिच्या बापाला मुकादमानं सोडलं नाही. त्याच्या पुढच्या साली आली, पण शाळेत आली नाही. तुम्ही तीनदा तिच्या घरी गेलात. तिसऱ्यांदा ती मागच्या दारानं जंगलात निघून गेली. पंधरा-सोळाची होती तेव्हा लग्न झालं. आता ती बायको म्हणून त्याच भट्टीवर जाते जिथं लेक म्हणून जायची. तिला तीन वर्षांची पोरगी आहे. भागाकारात शून्य विसरणारी आपली पोरगी.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा मी ठरवून आले होते. अमरावतीचा तो मोठा वॉर्ड, तुम्ही मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या, हात असा हलका की उशीवर ठेवलेला रुमाल. मी तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं, तर काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं टायर पंक्चर झाला म्हणून टरबूज लावून परतवाडा गाठलं त्याची गोष्ट. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. शेजारच्या पलंगावरची बाईही हसली. मग तुम्ही डोळे पुसून म्हणालात, "सुनंदा, यंदाचे कागद झाले?"

"झाले."

"खरं?"

"खरं, आपा."

तुम्ही माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता विचाराल. मग तुमची लेक औषध घेऊन आली, आणि मी एस.टी. चुकेल म्हणून उठले. एस.टी. तासाभरानं होती.

परवा शोकसभेतून घरी आले आणि झोप लागली नाही. काल सकाळी परतवाड्याहून अकोल्याची एस.टी. धरली. भट्टी शोधायला दुपार झाली. उन्हात विटांच्या रांगा पसरलेल्या, शेतात कपाशी असावी तशा, आणि त्यांच्यात सुमरती वाकून कच्च्या विटा एकेक करून कुशीवर उभ्या करत होती, वाळायला. पोरगी पोत्यावर बसून ओल्या मातीचं काहीतरी करत होती. सुमरतीनं मला ओळखलं. हात पुसला नाही, थांबलीही नाही.

"आपा गेल्या, सुमरती."

"मालूम हाये. गावातून फोन आला होता." तिनं चार विटा उभ्या केल्या. "पाणी पेसान का?"

"नको."

मी तिच्यासोबत रांगेच्या कडेनं सरकत राहिले आणि बोलत राहिले. कार्डाचं सांगितलं. कपाटाचं सांगितलं. परीक्षेचं केंद्र कोणत्या रस्त्यावर होतं तेही सांगितलं, आता त्याचा काय उपयोग, पण सांगितलं. तुम्ही तिच्या कागदावर काय लिहिलं होतं ते पूर्ण म्हणून दाखवलं, शून्याच्या गोष्टीसकट. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, तिचे हात थांबत नव्हते. मग त्या फोनचं सांगितलं. हेडमास्तरांनी काय विचारलं, मी काय म्हणाले, खिचडीचं काय म्हणाले, आणि मग रिकाम्या बाकाकडं वळून तिचं नाव घेऊन काय म्हणाले. आपा, माझ्या आयुष्यातली ही पहिली गोष्ट जी मी कमी करून सांगितली नाही आणि वाढवूनही सांगितली नाही. सांगून झालं. सुमरतीनं रांग संपवली, कंबर सरळ केली, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"मले आयकू आलं होतं, बाई," ती म्हणाली. "तुमी खाली बस म्हटलं, त मी बसली होती."